इंजिनाची रोजनिशी

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं ॲव्हरेज पडलं. हायवेला लिटरमागे अठरा किलोमीटर देणारी गाडी सोळाच्याही खाली आली. टायरमधली हवा बघितली, एअर फिल्टर झटकून घेतला, पंप बदलून पेट्रोल भरून बघितलं. फरक शून्य. शेवटी गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता आतल्या पोराला हाक मारली, ‘‘स्कॅनर आण रे.’’

पोरानं स्टिअरिंगखाली हात घालून एक जाड वायर खोचली आणि हातातल्या डब्याचा पडदा आम्हाला दाखवला. फॉल्ट कोड एकही नाही. कुलंट ८९ अंश. बॅटरी १४.१ व्होल्ट. आयडलला ७८० फेरे. ‘‘साहेब, गाडी ओके आहे,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘पावसात एवढं होतंच.’’

मिस्त्रींनी मला फसवलं नव्हतं. पडद्यावरचा आकडा न् आकडा खरा होता. पण तो त्या क्षणाचा होता, गाडी गॅरेजच्या दारात उभी असतानाचा. डॉक्टरांकडे पोचलं की ताप उतरलेला असतो, तशातली गत. दवाखान्यात म्हणूनच ताप एकदा मोजून थांबत नाहीत. दर काही तासांनी मोजतात आणि खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर टिंबं मांडत जातात. १०२ हा आकडा स्वतःहून फारसं बोलत नाही. ताप थंडी वाजून चढला नि घाम येऊन उतरला, की रोज पायरी-पायरीनं वर सरकत गेला, हे टिंबं जोडल्यावर दिसतं, आणि डॉक्टर निदानाच्या वाटेला लागतात ते तिथून.

गाडीच्या इंजिनाचा असा कागद घरच्या घरी ठेवता येतो. त्यासाठी लागतं ते हजार-दीड हजार रुपयांच्या आतलं, काड्यापेटीपेक्षा थोडंसं मोठं एक यंत्र, खिशातला फोन, आणि बरीचशी चिकाटी. याला म्हणतात डेटा लॉगर.

सोळा भोकांचा वारसा

स्टिअरिंगच्या खाली, डाव्या किंवा उजव्या गुडघ्यापाशी, बऱ्याचदा फ्यूजच्या डब्याशेजारी सोळा भोकांचं एक सॉकेट असतं. वरची बाजू रुंद, खालची अरुंद, त्यामुळे उलटं काही बसतच नाही. ते तिथे आलं त्याचं कारण गाडी दुरुस्त करणाऱ्याची सोय हे नव्हतंच. कारण होतं लॉस एंजेलिसची हवा.

१९४०च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं तपकिरी धुरकं साचू लागलं. अननसाच्या स्वादाचं रसायनशास्त्र अभ्यासणारे आरी हागेन-स्मित हे मूळचे डच संशोधक त्या कोड्याकडे वळले. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटलेली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि त्यातून हे धुरकं तयार होतं, असं त्यांनी दाखवून दिलं. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मितच होते.

मंडळापुढे एक अवघड प्रश्न होता. कारखान्यातून निघालेली गाडी तपासता येते, पण तीच गाडी पाच वर्षं पळाल्यावर तिचा एखादा सेन्सर मंदावला तर कुणाला कळणार? गाडी चालतेच आहे, फक्त धूर वाढलेला. मग नियम असा झाला की गाडीनं स्वतःवर स्वतःच नजर ठेवायची, चुकलं की चालकासमोर दिवा लावायचा, आणि काय चुकलं ते विचारणाऱ्याला सांगायचं. कॅलिफोर्नियात याची सुरुवात १९८८च्या गाड्यांपासून झाली. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट निराळं, भाषा निराळी. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकच सॉकेट आणि एकच शब्दसंग्रह सक्तीचा झाला. त्याचं नाव ओबीडी-२. युरोपानं २००१पासून पेट्रोल गाड्यांना तसाच नियम लावला.

आपल्याकडे ही व्यवस्था भारत स्टेज ४ या प्रदूषणाच्या निकषांच्या मागोमाग आली. २०१० साली ज्या तेरा शहरांत ते निकष आधी लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. एप्रिल २०१३पासून त्या निकषांच्या गाड्यांना ओबीडी-२ आवश्यक झालं, २०१७पासून हे निकष देशभर लागू झाले आणि २०२०मध्ये भारत स्टेज ६ आलं. थोडक्यात, तुमची गाडी २०१७नंतरची असेल तर सॉकेट आहेच. आपल्या इंजिनाचे आकडे वाचण्याची ही मुभा आपल्याला मिळाली ती प्रदूषणाच्या कायद्यामुळे.

जोडणी

बाजारात ‘ओबीडी स्कॅनर’ किंवा ‘ईएलएम ३२७’ या नावानं या सॉकेटात बसणारी निळी-काळी डोंगलं मिळतात. ईएलएम ३२७ ही मुळात एक चिप. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीनं ती २००५ साली आणली. पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारं कुलूप नव्हतं. मग चीनमधून नकलांचा पूर आला, इतका की आज हाती पडणारं डोंगल नक्कलच असतं असं धरून चालावं. मूळ कंपनीनं २०२२ साली दुकान बंद केलं. गंमत म्हणजे बरीच डोंगलं स्वतःची आवृत्ती १.५ सांगतात, आणि एल्मनं १.५ आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरीही यातली कित्येक नीट काम करतात. २.१ म्हणवणाऱ्या काहींनी मात्र मूळच्या बऱ्याच आज्ञा गाळलेल्या असतात. घेताना परत करण्याची सोय बघून घ्यावं, एवढं खरं.

अँड्रॉइड फोन असेल तर साधं ब्लूटूथवालं डोंगल चालतं. आयफोनला ते जुन्या धाटणीचं ब्लूटूथ चालत नाही, त्याला वाय-फायवालं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालं लागतं. डोंगल खोचा, किल्ली इग्निशनपर्यंत फिरवा, इंजिन सुरू करू नका. फोनच्या ब्लूटूथ यादीत डोंगल दिसेल. संकेतांक बहुधा १२३४ किंवा ००००. मग टॉर्क, कार स्कॅनर यांसारखं ॲप उघडून सेटिंगमध्ये हेच डोंगल निवडायचं. ॲप गाडीशी कुठल्या भाषेत बोलायचं ते आपलं आपण चाचपून बघतं आणि काही सेकंदांत जोडणी होते.

सोळा भोकांतलं १६ नंबरचं भोक थेट बॅटरीला जोडलेलं असतं, ४ आणि ५ अर्थिंगला. गाडी बंद करून कुलूप लावलं तरी डोंगलला वीज मिळत राहते, ती यामुळे. समजा ते ४० मिलिॲम्पिअर खातं. दिवसाकाठी साधारण एक ॲम्पिअर-तास झाला. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ॲम्पिअर-तासांची. दोन आठवडे गावाला जाऊन आलात तर गाडीला धक्का मारायची वेळ येऊ शकते. शिवाय १२३४ हा संकेतांक शेजारच्या पोरालाही ठाऊक असतो, आणि डोंगल म्हणजे गाडीच्या आतल्या तारांकडे उघडणारं दार. काम झालं की काढून ठेवावं.

६ आणि १४ नंबरच्या भोकांत आजच्या गाड्यांची मुख्य बोलणी चालतात. बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे मांडलेली ‘कॅन’ नावाची पद्धत ती हीच. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या. शांत असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलायचं झालं की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. स्पार्क प्लगच्या ठिणग्यांचा गोंगाट आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि ऐकणारा दोघींतला फरकच तेवढा बघत असल्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो.

आण्यांचा हिशेब

या सॉकेटवरचा कारभार तमाशातल्या सवाल-जवाबासारखा चालतो. सवाल टाकल्याशिवाय जवाब नाही. इंजिनाचा संगणक आपल्या तंद्रीत सेकंदाला शेकडो निर्णय घेत असतो. ‘फेरे किती?’ असं विचारलं तरच तो फेरे सांगतो, आणि तेवढंच सांगतो.

फेरे विचारणारा सवाल असा: ०१ ०सी. यातला ०१ म्हणजे ‘आत्ताची स्थिती सांग’ आणि ०सी म्हणजे ‘इंजिनाचे फेरे’. जवाब येतो: ४१ ०सी १ए एफ८. पहिले दोन तुकडे म्हणजे सवालाची पोच. खरं उत्तर शेवटच्या दोन तुकड्यांत, पण ते सोळाच्या पटीत लिहिलेलं. यात शून्य ते नऊ झाले की दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ.

सोळाचा हिशेब आपल्याला नवा नाही. आजोबांच्या पिढीनं जन्मभर तोच केला. सोळा आण्यांचा रुपया! ‘१ए’ म्हणजे एक रुपया दहा आणे, एकूण २६ आणे. ‘एफ८’ म्हणजे पंधरा रुपये आठ आणे, २४८ आणे. पहिल्या संख्येला २५६नं गुणायचं आणि दुसरी मिळवायची: २६ गुणिले २५६ म्हणजे ६,६५६, अधिक २४८, एकूण ६,९०४. याला चारनं भागलं की १,७२६. इंजिन मिनिटाला १,७२६ फेरे घेत आहे. चारनं का भागायचं? कारण संगणक पूर्ण फेरे मोजतच नाही, पाव-पाव फेरा मोजतो. थोडक्यात, तो पावकी म्हणतो.

कुलंटच्या तापमानाला एकच तुकडा पुरतो, पण त्यात शून्याखालचे आकडे मावत नाहीत. म्हणून खऱ्या तापमानात ४० मिळवून ते पाठवतात आणि घेणाऱ्यानं ४० वजा करायचे. ‘८०’ आलं तर ते आठ रुपये, म्हणजे १२८ आणे. त्यातून ४० गेले, उरले ८८ अंश. कडाक्याच्या थंडीतही उणे चाळीसपर्यंत सोय झाली.

हे सगळं ॲप आपल्यासाठी करतं. तरी एकदा हातानं करून बघावं. एकतर पडद्यावरचे काटे जादूचे वाटेनासे होतात. दुसरं म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी स्वतंत्र सवाल-जवाब करावा लागतो, हे मनावर ठसतं. त्याचा परिणाम लगेच पुढे येणार आहे.

थोडंच विचारा

नवशिक्याची ठरलेली चूक अशी: ॲपच्या यादीत तीस-चाळीस गोष्टी दिसतात आणि तो सगळ्यांवर खूण करतो. माझ्या डोंगलला सेकंदाला साधारण दहा सवाल झेपतात. तीस गोष्टी विचारल्या तर प्रत्येकीचा नंबर तीन सेकंदांनी लागणार. साठच्या वेगात गाडी तेवढ्यात पन्नास मीटर पुढे गेलेली असते, मधला गिअर बदल नोंदीत सापडतच नाही. पाचच विचारल्या तर प्रत्येकीची नोंद सेकंदाला दोनदा होते. जुन्या, कॅन नसलेल्या गाड्यांत तर सगळंच आणखी संथ.

म्हणून आधी प्रश्न ठरवायचा, मग आकडे निवडायचे. गाडी गरम होते का, हा प्रश्न असेल तर कुलंट, वेग, फेरे आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पुरे. पिकअप नाही, ही तक्रार असेल तर थ्रॉटल किती उघडलं, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, स्पार्कचा ॲडव्हान्स आणि फेरे. ॲव्हरेजसाठी वरच्यांत आणखी एक भर घालायची: फ्युएल ट्रिम.

ट्रिमवर थोडं थांबायला हवं, कारण ॲपच्या सगळ्या आकड्यांत हा सर्वांत बोलका. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. संगणक आत आलेल्या हवेच्या अंदाजावर पेट्रोल सोडतो आणि सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला निकाल कळवतो: जास्त झालं किंवा कमी पडलं. त्यावरून संगणक लगोलग हात सैल-आवळ करतो. ती झाली तात्पुरती ट्रिम. रोजच तेवढं वाढवावं लागतंय असं दिसलं की तो ते अंगवळणी पाडून घेतो. ती कायमची ट्रिम. आमटीत रोज वरून मीठ घ्यावं लागलं तर स्वयंपाक करणारा दुसऱ्या आठवड्यात मुळातच चिमूटभर जास्त घालतो, तसं. ट्रिम शून्याच्या आसपास पाच टक्के इकडे-तिकडे असेल तर काळजी नको. अधिक पंधरा-वीस दिसली तर कुठेतरी चोरून हवा शिरते आहे, पेट्रोलचा दाब कमी आहे किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतो आहे.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेजबद्दल बरीच भांडणं चालतात. ट्रिम तिथेही साक्ष देते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच्या एका ग्रॅमला नऊच ग्रॅम हवा पुरते. हिशेब मांडला तर दहा टक्क्यांच्या मिश्रणाला हवेचं प्रमाण १४.१ आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५ पडतं. तेवढ्याच हवेला साधारण चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. दहा टक्क्यांवर बेतलेल्या गाडीची कायमची ट्रिम तेवढी वर सरकलेली दिसली तर तो बिघाड नाही, संगणकानं घेतलेली नवी सवय आहे.

नोंद सुरू करून फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकावा. चालवताना काटे बघत बसायचं असेल तर लॉगर कशाला हवा? आणि ॲपमध्ये ‘कोड पुसा’ असं बटण असतं, त्याला उगाच हात लावू नये. दिवा विझतो, पण कोड पडला त्या क्षणीचे आकडे संगणकानं जपून ठेवलेले असतात, तेही पुसले जातात. चोर पकडायच्या आधीच पावलांचे ठसे झाडून काढल्यासारखं होतं ते.

घरी आल्यावर ॲप सीएसव्ही फाइल देतं. ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते: एक रकाना वेळेचा, बाकीचे आकड्यांचे. फाइलला लगेच नाव द्या, आणि तारीख, रस्ता, माणसं किती, एसी चालू होता का, पाऊस होता का, हे त्यात लिहून ठेवा. महिन्याभरानं यातलं काही आठवत नाही.

पसरणी घाट

ॲव्हरेज पडण्याच्या दोन वर्षं आधी, डोंगल आणलं त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. गाडीला काही झालेलं नव्हतं. नवं खेळणं हाती आलं म्हणून नोंद चालू केली, एवढंच.

पहाटे इंजिन सुरू करण्याआधी नुसती किल्ली फिरवली. कुलंट २४ अंश, आतली हवा २५. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखेच हवेत. दहा-पंधरा अंशांचा फरक दिसला तर दोघांतला एक सेन्सर खोटारडा. फुकटात होणारी ही तपासणी. मॅनिफोल्डचा दाब ९५ किलोपास्कल. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणजे हा पुण्याच्या हवेचा दाब होता. समुद्रकाठी मुंबईत तो १०१च्या घरात असतो.

खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलो, वाईत चहा घेतला आणि पसरणी घाट चढलो. महाबळेश्वरला गाडी बंद करून पुन्हा किल्ली फिरवली तर पडद्यावर ८६. फ्लोरँ पेरिए यांनी १६४८ साली मेहुण्याच्या, म्हणजे ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या पुई द दोम या डोंगरावर चढवली आणि उंचावर हवेचा भार कमी होतो हे दाखवलं. तो प्रयोग आमच्या गाडीनं नकळत करून टाकला होता. मुंबईच्या तुलनेत इथे दर घोटाला पंधरा टक्के हवा कमी. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, म्हणून ताकद कमी. पाचगणीच्या वर ‘गाडी रडते’ म्हणतात, ते हे. टर्बो नसलेल्या प्रत्येक इंजिनाचं हेच रडगाणं.

खरी मौज उतरताना. दुसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. वेग ३२, फेरे २,१५०, मॅनिफोल्डचा दाब २३पर्यंत घसरलेला आणि ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज जवळपास शून्य. एरवी तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा झुलत असतो. शून्याला चिकटून राहिला याचा अर्थ सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाते आहे. पेट्रोल पूर्ण बंद! चाकंच इंजिनाला फिरवत होती. पेट्रोल वाचवायला म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनी ही नोंद जरूर बघावी. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला तासाला अर्धा-पाऊण लिटर जळतच राहतं. गिअरमध्ये उतरलं तर तेवढंही लागत नाही, आणि ब्रेकला इंजिनाची साथ मिळते ती वेगळीच.

या सगळ्या प्रवासात कुलंटच्या रकान्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बघण्यासारखं होतंच काय? निघाल्यापासून सात मिनिटांत ८५, आणि पुढे चढ, उतार, पाऊस, धुकं, सगळीकडे ८७-८८-८८-८७. अगदी कंटाळवाणी सरळ रेघ.

दोन रेघा

मिस्त्रींनी ‘पावसात एवढं होतंच’ म्हटल्यावर मला ती कंटाळवाणी रेघ आठवली. तोही पाऊसच होता. मग त्याच महिन्यातल्या एका रविवारी तोच रस्ता, तीच चार माणसं आणि तोच टायरदाब घेऊन निघालो. तुलना करायची तर सारख्याशी सारख्याची हवी. संध्याकाळी दोन्ही फाइलींतले कुलंटचे रकाने शेजारी-शेजारी मांडले.

निघाल्यावर सात मिनिटांनी: तेव्हा ८५, आता ५३.
हायवेवर, ताशी ८०: तेव्हा ८८, आता ६७.
पसरणी चढताना: तेव्हा ८८, आता ८१.
पसरणी उतरताना, तळाशी: तेव्हा ८७, आता ५९.
वाईच्या बाजारात, गर्दीत उभे असताना: तेव्हा ८९, आता ८८.

शेवटची ओळ म्हणजे गॅरेजच्या दारातली स्थिती. उभी असली की गाडी निरोगी. वारा लागला की गार. माझ्या गाडीत तापमानाचा काटाही नाही. थंड असताना एक निळा दिवा आणि फार तापल्यावर एक लाल. निळा विझून लाल पेटेपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात काय चाललंय, ते चालकाला कळत नाही.

अशी रेघ एकाच गोष्टीकडे बोट दाखवते: थर्मोस्टॅट. हा साधा व्हॉल्व्ह. आत मेणाची कुपी असते. इंजिन थंड असताना तो बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह ढकलून उघडतं. उतारावर पेट्रोल बंद झालं की उष्णता तयार होत नाही, तेव्हा तो पुन्हा मिटतो आणि ऊब राखतो. तो उघडाच राहिला तर वारा सगळी ऊब घेऊन जातो. आणि इंजिन थंड आहे असं दिसलं की संगणक जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज तिकडे गेलं होतं. या बिघाडासाठी पी ०१२८ असा कोडही आहे, पण माझ्या गाडीनं दिवा लावला नव्हता.

दोन्ही रेघा फोनवर घेऊन पुन्हा गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि यावेळी स्वतःच बॉनेट उघडलं. दोन बोल्ट काढले, झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट उघडा अडकलेला नव्हता. तो नव्हताच.

उन्हाळ्यात प्रवासात कुलंटचा होज फाटला होता, तो रस्त्यातल्या एका गॅरेजात बदलून घेतला होता. तेव्हाच कुणीतरी व्हॉल्व्ह काढून टाकलेला. ‘‘काढतात साहेब,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘परत गरम होऊन गिऱ्हाईक बोंबलायला नको. थर्मोस्टॅट थंड देशाला लागतो, असं आम्हालाही शिकवलंय.’’

मी म्हटलं, ‘‘मिस्त्री, जर्मनीत बाहेर पाच अंश आणि इंजिनाला हवेत अठ्ठ्याऐंशी. फरक त्र्याऐंशीचा. आपल्याकडे पावसात पंचवीस. फरक त्रेसष्टचा. इंजिनाला आपणही थंडच.’’

त्यांनी मान डोलावली. नवा व्हॉल्व्ह बसला. पुढच्या रविवारी तिसरी फाइल घेतली, तिची रेघ पहिल्या रेघेवर जाऊन बसली. ॲव्हरेज आठवड्याभरात जागेवर आलं.

पैसे देताना मिस्त्रींनी विचारलं, ‘‘पण साहेब, दोन वर्षांपूर्वी गाडी चांगली होती ना? मग मोजत कशाला होतात?’’

‘‘रिकामटेकडेपणा,’’ मी म्हणालो. ते हसले.

घरी येताना मात्र तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. नुसती दुसरी रेघ घेऊन गेलो असतो तर मिस्त्री पुन्हा ‘पावसात एवढं होतंच’ म्हणाले असते, आणि मला ते पटलंही असतं. बिघाडाची नोंद बिघाड झाल्यावर केव्हाही घेता येते. बरेपणाची नोंद मात्र गाडी बरी आहे तोवरच घ्यावी लागते. तेव्हा डोंगल आणलंत तर पहिली फाइल आजच घ्या, नेहमीच्या रस्त्यावरची. ती कंटाळवाणी निघाली तर उत्तम. जपून ठेवा.